विज्ञान-श्रुतिका : विजयदुर्गच्या पाण्याखाली (आराखडा तयार आहे, मतं हवीत)

खळाळ

मंडळी, आम्ही काही मित्र-मैत्रिणींनी मिळून पाच भागांची विज्ञान-श्रुतिका करायला घेतली आहे. एकेक भाग वीस-बावीस मिनिटांचा. नाव तूर्तास 'पिवळी रेघ'. गाव खरं आहे, विजयदुर्ग. माणसं आणि घडामोडी काल्पनिक.

विज्ञानकथा म्हटली की आपल्याकडे अजून प्रयोगशाळा, चष्मेवाले प्राध्यापक आणि त्यांना "म्हणजे नेमकं काय, सर?" असं विचारणारा पत्रकार एवढंच डोळ्यांपुढे येतं. कोकणातलं गाव आलंच तर भुताखेतांसाठी येतं. मला हे फार दिवस खुपतंय. ज्या गावाला भरती-ओहोटीचं गणित तोंडपाठ आहे, त्या गावात विज्ञानकथा घडायला बाहेरून शास्त्रज्ञ का यावा लागतो?

विजयदुर्गच का, ते सांगतो. १८ ऑगस्ट १८६८, शके १७९०, पिठोरी अमावास्या. त्या दिवशी सकाळी खग्रास सूर्यग्रहणाची सावली अरबी समुद्रावरून आली, विजयदुर्गच्या बाजूनं किनाऱ्यावर चढली आणि विजापूर, जमखिंडी, गुंटूर करत मछलीपट्टणकडे गेली. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन दुर्बीण लावून बसला होता, जमखिंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचे सुटे केलेले रंग, त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला गेला, आणि त्यातल्या एका पिवळ्या रेघेनं पुढे सगळ्यांना कोड्यात टाकलं. ती सोडियमची वाटत होती, पण सोडियमच्या जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला आणि ही ५८७.६ च्या आसपास. तेच हेलियम. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ साल उजाडलं. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेला ते युरेनियमच्या एका खनिजात सापडलं.

विजयदुर्ग किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' आहेत, म्हणजे ग्रहण पाहायला साहेबानं वापरले असं सांगितलं जातं ते चौथरे. गावात १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो.

आता कथा. पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस. होड्या वर ओढून शाकारलेल्या. केतकी ही बारावी झालेली मुलगी, तिची आजी सुमती, यांत्रिक होड्या दुरुस्त करणारे अन्वरचाचा आणि मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर पाणबुड्या म्हणून काम करून परत आलेला बाबल. केतकीनं घरी केलेला पाण्याखालचा मायक्रोफोन जेट्टीवरून खाली सोडलाय. त्यात एक ठोका ऐकू येतो, पुन्हा पुन्हा, ठरावीक वेळानं. किल्ल्याजवळ पाण्याखाली दगडी भिंत आहे, शंभर मीटरहून लांब. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं तिचा अभ्यास केलेला आहे. ठोका त्या भिंतीकडून येतोय आणि तिथूनच बुडबुडेही येतायत. बुडबुड्यांत हेलियम आहे.

शेवट २ ऑगस्ट २०२७ ला. त्या दिवशीचं ग्रहण इजिप्त, सौदी अरेबियात खग्रास आहे, कोकणातून संध्याकाळच्या सुमारास खंडग्रास दिसेल. दिव्यांची अमावास्या. बंदी उठून जेमतेम दोन दिवस झालेले.

तीन प्रश्न. एक, हेलियमनं आवाज बदलतो हे श्रुतिकेत कसं वापरावं? दोन, मालवणी किती ठेवावी? तीन, पाण्याखाली नेमकं काय आहे हे शेवटी सांगावं का?

चकली

ग्रहण आणि हेलियमची जोडी जबरदस्त आहे. वाचतेय.

चौकस_मास्तर

आराखडा आवडला म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. ओट्यांवरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरनं हेलियम शोधलं असं बऱ्याच ठिकाणी छापून येतं. ते श्रुतिकेत घेऊ नका. लॉकयर १८६८ साली इंग्लंडमध्येच होता. ग्रहणाची वाट न बघता सूर्याच्या कडेचा वर्णपट घ्यायची युक्ती त्यानं काढली आणि २० ऑक्टोबर १८६८ ला तिथूनच ती रेघ पाहिली. जान्सेनला तीच युक्ती गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी साधली होती. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली आणि पुढे फ्रेंच सरकारनं दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. हा इतिहास इतका सुरेख आहे की त्याला कशाचीही जोड लागत नाही.

दुसरी गोष्ट. समुद्रातून वर आलेलं हेलियम उघड्यावर कुणाचाही आवाज बदलणार नाही. पृष्ठभागावर आलं की क्षणात वर निघून जाईल. आवाज बदलायचा तर ते कोंडलं गेलं पाहिजे, आणि हलकं असल्यानं ते कोंडलं जाणार वरच्या बाजूला. म्हणजे वरून बंद, खालून उघडी अशी जागा हवी. समुद्रात अशी जागा म्हणजे उलटलेली होडी!

बुडबुडे येतात तिथेच केतकीची होडी उलटली असं समजा. ती होडीखाली अडकलेल्या हवेत डोकं वर काढते. प्रत्येक बुडबुडा त्या हवेत हेलियम घालतोय आणि हवा काठाखालून बाहेर ढकलली जातेय. आणि आता भयंकर भाग. आपल्याला गुदमरल्यासारखं होतं ते कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाल्याचं शरीराला तसं कळत नाही. हेलियममध्ये श्वास घेणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून नीट बाहेर जात राहतो, त्यामुळे त्याला छान वाटत असतं आणि मग एकदम शुद्ध जाते.

केतकीला धोका कळणार नाही. श्रोत्याला कळेल, कारण तिचा आवाज बारीक होत चाललाय. दृश्य माध्यमात हे इतक्या ताकदीनं करताच येणार नाही.

गोधडी_स्टुडिओ

मास्तर, अंगावर काटा आला.

आवाजाचं तांत्रिक सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये नुसती पट्टी वर चढवू नका, ते कार्टून होईल. हेलियममध्ये स्वरतंतू जवळपास त्याच कंपनसंख्येनं हलतात. बदलतो तो तोंड-घशाच्या पोकळीतला अनुनाद, कारण ध्वनी हवेत सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो आणि हेलियममध्ये हजारच्या घरात. म्हणजे मूळ सूर तिथेच, फक्त त्याचा 'रंग' वर सरकतो. संपादनात याला फॉर्मंट सरकवणं म्हणतात आणि फुकटच्या साधनांतही ते जमतं. चार-पाच वाक्यांत हळूहळू चढवा. पहिल्या वाक्याला श्रोत्याला नुसती शंका यायला हवी.

आणि एक कळकळीची विनंती. कुणीही कलाकार खरं हेलियम ओढून रेकॉर्डिंग करणार नाही. मास्तरांनी जे सांगितलंय ते फुगे भरायच्या सिलिंडरलाही तंतोतंत लागू आहे.

होडीखालचा आवाज मात्र खरा घ्या. जुनी होडी जमिनीवर पालथी घालून आत माइक ठेवायचा आणि कलाकारानं आत बसून बोलायचं. लाकडी होडी आणि फायबरची होडी यांचा घुमारा अगदी वेगळा असतो. बाहेरच्या माणसाचा आवाज फळ्यांमधून येतो तसा बोदा झाला पाहिजे.

पाण्याखालच्या माइकसाठी केतकीच्या ऐपतीचा उपाय म्हणजे पिझो चकती (थरथरीची वीज करणारी पातळ चकती), एपॉक्सीत बुडवून, लांब वायरीला जोडलेली. तुम्हीही खरंच करून बघा. उथळ पाण्यात पहिल्यांदा जे ऐकू येतं त्यानं माणूस दचकतो. सतत तडतड, तेलात मोहरी पडावी तशी. ती एका जातीच्या छोट्या कोळंबीची चिमट्याची चपराक. किनाऱ्यालगतच्या उबदार पाण्यात ही तडतड जवळपास कायम असते. पहिल्या भागात केतकीला आधी हीच परग्रहावरची वाटू द्या, आणि ती समजल्यावर तिच्यामागचा खरा ठोका ऐकू येऊ द्या.

दर्यावर्दी

शंका: बंदीच्या महिन्यांत समुद्र खवळलेला असतो, वर धो धो पाऊस. पाण्याखाली काही ऐकू येईल?

गोधडी_स्टुडिओ

जेट्टी खाडीच्या तोंडाशी आडोशाला आहे, त्यामुळे खुल्या समुद्रापेक्षा बरं. पाऊस मात्र पाण्याखाली चांगलाच ऐकू येतो. थेंबामागे अडकलेला बारीक बुडबुडा वाजतो, त्याचा सूर पंधरा हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे शिटीसारखी बारीक फुसफुस. सर पडली की ठोका झाकला जातो, सर थांबली की पुन्हा येतो. हा ताण फुकट मिळतोय, वापरा. शिवाय ट्रॉलरची इंजिनं बंद. इतर दहा महिने जो आवाज त्या गोंगाटात बुडतो तो याच दोन महिन्यांत सापडावा, हे पटण्यासारखं आहे.

गिर्येची_लेक

मी त्याच भागातली. हा धागा बघून आनंद झाला, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

हेलियम दिनाला हात लावताना जपून. आमच्याकडची शाळेतली मुलं त्या दिवशी किल्ल्यावर जातात, वर्णपट म्हणजे काय ते तिथं ऐकतात. "तुमची गोष्ट खोटी" असं सांगणारं पात्र आणलंत तर गाव दुखावेल आणि श्रोताही गावाच्याच बाजूनं जाईल. सावली आमच्यावरून गेली हे तर खरं ना? मग त्याच्यावर उभे राहा. केतकीनंच जान्सेनचं आणि लॉकयरचं वाचलेलं असू दे, आणि आजीशी तिचा वाद होऊ दे. आजी म्हणेल, "साहेब खंयचो ता माका ठावक नाय. काळोख हयच पडलो." मला हे वाक्य पुरेसं आहे.

मालवणी भरपूर ठेवा, पण एक पथ्य पाळा. नाटक-सिनेमात मालवणी बोलणारं माणूस आलं की ते हसवण्यासाठीच असतं. इथे सगळ्यात अवघड तर्क मालवणीतून झाला पाहिजे. आजीला गणित येतं, आणि ती ते तिच्या भाषेत सांगते. अन्वरचाचांच्या तोंडी सिनेमातली हिंदी अजिबात घालू नका. आमच्याकडचे मुसलमान दर्यावर्दी घरात आपली कोकणी बोलतात, कित्येक पिढ्या.

आणि ठोका "ठरावीक वेळानं" म्हणजे किती वेळानं? हे ठरवलंय का? माझ्या डोक्यात एक आहे. भरतीच्या वेळेचा हिशेब आमच्याकडे तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी. दशमी असेल तर साडेसात. अष्टमीला सहा. ढोबळ आहे, पण होडी लोटायला पुरतं.

चौकस_मास्तर

वा! आणि त्याचं कारण सरळ आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तितकी सरकते. तिथीमागे पाऊण तास धरला की काम भागतं. दोन भरत्यांमधलं अंतर बारा तास पंचवीस मिनिटं.

खळाळ, तुमचा ठोका दर बारा तास पंचवीस मिनिटांनी वाजू द्या. केतकी तो आकडा घेऊन ताऱ्यांची कोष्टकं चाळते, तिला काही लागत नाही. आजी एका वाक्यात सोडवते. म्हणजे जे काही खाली आहे ते पाण्याच्या दाबाला उत्तर देतंय. माथ्यावरचं पाणी वाढलं की ते वाजतं.

आता पुढचं बघा. सूर्यग्रहण नेहमी अमावास्येलाच. अमावास्या म्हणजे उधाण, आणि पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती दुपारच्या आधी पुरी झाली तर खोल ओहोटी साडेपाचच्या सुमाराला. २०२७ चं ग्रहण आपल्याकडे त्याच वेळी दिसणार! म्हणजे त्या संध्याकाळी भिंतीवर पाणी सर्वांत कमी, दाब सर्वांत कमी. १८६८ चं ग्रहण सकाळचं होतं, तेव्हा पाणी चढत होतं. तेव्हा दाबलं गेलेलं काहीतरी आता मोकळं होतंय. हे मी मुद्दाम जुळवलेलं नाही, पंचांगातच आहे.

चकली

मास्तर, हा भाग वाचून मी उठून पंचांग काढलं.

खोलवर

मी बरीच वर्षं समुद्रातल्या तेलविहिरींवर पाणबुड्यांच्या पथकाबरोबर होतो. बाबलविषयी थोडं सांगतो.

खोल कामासाठी पाणबुडे दिवसेंदिवस दाबाच्या बंद कोठीत राहतात, तिथूनच खाली जातात आणि मुदत संपल्यावर एकदाच सावकाश दाब उतरवतात. कोठीतली हवा म्हणजे हेलियम आणि ऑक्सिजन. तिथं सगळेच बारीक, चिरक्या आवाजात बोलतात. वरच्या माणसाला ते कळावं म्हणून आवाज सरळ करणारं यंत्र जोडलेलं असतं, पण ज्यानं त्यात दिवस काढले त्याच्या कानाला ते यंत्र लागत नाही. बाबल तो आवाज झोपेतही ओळखेल. त्याला हेही ठाऊक असणार की कोठीत ऑक्सिजन मोजून दिलेला असतो आणि होडीखाली मोजणारा कुणी नाही.

अजून एक. हेलियम अंगातली ऊब हवेच्या सहा पट वेगानं पळवतं. कोठी उबदार ठेवावी लागते, खाली जाताना अंगावरच्या पोशाखात गरम पाणी खेळवतात. बाबलला निवृत्तीनंतरही थंडीची धास्ती असू द्या. पावसात सगळे उघडे फिरतायत आणि हा स्वेटर घालून बसलाय. पहिल्या भागात लोक त्याला त्यावरून चिडवतील. तिसऱ्या भागात तोच स्वेटर काढून पाण्यात उडी मारेल.

कानसेन

मला दिसत नाही. लहानपणापासून आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत आलो. त्या अनुभवावरून दोनच गोष्टी मागतो.

निवेदक कमीत कमी ठेवा. हल्लीच्या बऱ्याच ध्वनिनाट्यांत पात्र दार उघडतं, दाराचा आवाज येतो, आणि वर पात्रच म्हणतं, "अरे, दार उघडं आहे." मला दार ऐकू आलेलं असतं. आवाज बारीक व्हायला लागला की कुणीही "तुझा आवाज बारीक का येतोय?" असं विचारू नका. बाबलनं फक्त गप्प व्हावं. तो गप्प झाला की मला कळेल.

दुसरं, जागा कानाला ओळखू येऊ द्या. जांभ्या दगडावरची चप्पल, सारवलेल्या खळ्यातलं अनवाणी पाऊल, पुळणीवरचं पाऊल आणि जेट्टीच्या काँक्रीटवरचं पाऊल, चारही वेगळी वाजतात. किल्ल्याच्या दरवाजात बोललं की आवाज परत येतो, तटावर बोललं की वारा घेऊन जातो. ही पहिल्या भागात एकदा नीट ओळखीची झाली की पुढे "आपण किल्ल्यात आलो" असं कुणी म्हणायला नको.

खळाळ

सगळ्यांच्या सूचना घेऊन तिसऱ्या भागातला प्रसंग नव्यानं लिहिला. थोडा इथे टाकतो.

(पाण्याची डुबूक डुबूक, कोंडलेली. लाकडावर लाट आपटते. मधूनमधून बुडबुडे.)

केतकी : बाबलकाका! हय आसंय मी, होडयेखाली! हवा आसा हय!

बाबल (बाहेरून, लांबून) : लागला खंय?

केतकी : नाय. दम खातंय नि येतंय.

बाबल : बोलत रव. गप रवू नको. आजीन काय सांगलेला ता सांग.

केतकी (आवाज किंचित पातळ) : तिथीची पाऊणपट. आज तेरस. तेराची पाऊणपट... पावणेधा.

बाबल : नि मगे?

केतकी (आणखी पातळ, मजेत) : मगे ओहोटी. काका, माका कसा हलका वाटता. आता भियाक नाय होय.

(बाबल बोलत नाही. दोन लाटा.)

बाबल : केतके. श्वास घेव नको. तोंड मीट नि बुडी मार. आत्ताच्या आत्ता!

(पाण्यात उडी.)

तेरा गुणिले पाऊण म्हणजे नऊ तास पंचेचाळीस मिनिटं, म्हणून पावणेदहा. हिशेब बरोबर येतोय तोवर तिचं डोकं ठिकाणावर आहे, हे श्रोत्याला कळतं. लगेच पुढच्या वाक्यात ती सुखावते आणि तिथंच पोटात गोळा येतो.

गिर्येची_लेक

उत्तम. "पावणेधा" अगदी आमचं. "भियाक नाय होय" च्या जागी "भय नाय वाटणा" जास्त सहज येईल. बाकी काही हलवू नका.

कानसेन

"दोन लाटा" राहू द्या. तीन नकोत.

दर्यावर्दी

आणि भिंतीखाली काय आहे? परग्रहावरचं यान असेल तर मला मजा येईल, खरं सांगतो.

चौकस_मास्तर

माझं मत वेगळं. पृथ्वीवरचं जवळपास सगळं हेलियम खडकातल्या युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारातून तयार झालेलं आहे. बंगालमध्ये बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांतून ते वर येतं, तिथं शास्त्रज्ञांनी ते गोळाही केलंय. त्यामुळे हेलियम येण्याला यान लागत नाही. लागतं ते ठोक्याला. तेवढं एकच अज्ञात ठेवा. एका कथेत एकच गोष्ट न उलगडलेली असावी, बाकी सगळं काटेकोर.

खोलवर

सहमत. आणि खाली गेलेल्या माणसाला तिथं फार काही दिसत नाही. खाडीचं पाणी गढूळ, पावसाळ्यात तर हातभर अंतरावरचं कळत नाही. बाबल खाली जाऊन हातानं चाचपेल. दगड, शिंपले, दगड, आणि मग दगड नसलेलं काहीतरी. गुळगुळीत आणि कोमट. ज्याला कायम थंडी वाजते त्या माणसाला कोमट लागतं. एवढं बास.

खळाळ

ठरलं. पाण्याखालची वस्तू कुणीच बघणार नाही, फक्त बाबलचा हात लागेल. ती कुणी ठेवली हे सांगायचं नाही, ती पाण्याच्या दाबानं वाजते हे मात्र शेवटपर्यंत सिद्ध करायचं. लॉकयर इंग्लंडात, जान्सेन गुंटूरला, आणि काळोख विजयदुर्गला, हा आजी-केतकीचा वाद दुसऱ्या भागात. अन्वरचाचांचे संवाद नव्यानं लिहितोय; ती बोली घरात बोलणाऱ्या कुणी ते तपासून दिले तर फार बरं होईल.

दर्यावर्दी, यान आहे की नाही ते तुम्ही ठरवा, श्रुतिका तुम्हाला अडवणार नाही.

रेकॉर्डिंगची तयारी सुरू करतोय. दोन गोष्टी हव्यात. गर्दी नसताना टिपलेला जेट्टीचा आवाज, भरतीचा एक आणि ओहोटीचा एक. आणि पालथी घालता येईल अशी लाकडी होडी, फायबरची नको.

गिर्येची_लेक

आमच्या मांगरात आजोबांची आहे. एक फळी कुजलीय, पण पालथी घालायला चालेल. जेट्टीचे आवाज माझा भाऊ घेईल. कुठल्या तिथीचे हवेत ते कळवा.

गोधडी_स्टुडिओ

अष्टमीला एकदा आणि अमावास्येला एकदा. भांगाचं (कमी चढ-उताराचं) पाणी आणि उधाणाचं पाणी दोन्ही लागतील. फोन जेट्टीच्या कठड्यावर ठेवू नका, कठडा थरथरतो. हातात धरा, वाऱ्याकडे पाठ करा आणि किमान दहा मिनिटं न बोलता घ्या.